थेरपीत कसं बोलतो आणि कुठल्या भाषेत बोलतो, याने फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई ३४ वर्षांच्या, मूळच्या लातूरकडच्या, नोकरी पुण्यात आयटीत. दोन वर्षांपूर्वी वडील गेले. तेव्हापासून झोप नीट लागत नाही, कामात मन नाही, आणि रडूही येत नाही. चार महिन्यांपासून दर आठवड्याला थेरपी चालू आहे, इंग्रजीतून. त्या लिहितात, "मी सेशनमध्ये सगळं व्यवस्थित सांगते. थेरपिस्टही चांगल्या आहेत. पण बाहेर पडल्यावर आत काही हललं असं वाटत नाही. आई म्हणते, बोलून का गेलेलं माणूस परत येतंय? नुसत्या बोलण्याने बरं वाटतं याला काही पुरावा आहे का? आणि मी मराठीत बोलले असते तर फरक पडला असता का?"

मी हे काम २६ वर्षं करते आहे, आधी मुंबईत आणि आता नाशिकला. तुमचा प्रश्न वाचताना मी एका शब्दापाशी थांबले. 'व्यवस्थित'.

वडिलांच्या जाण्याबद्दल तुम्ही दर आठवड्याला व्यवस्थित बोलता. वाक्यं पूर्ण होतात, क्रम चुकत नाही, 'ग्रीफ', 'ट्रिगर', 'अटॅचमेंट' हे शब्द आपापल्या जागी येतात. मला वाटतं, अडलंय ते इथेच. भाषेचा प्रश्न यानंतरचा.

१९५० च्या दशकात शिकागो विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या गटात सेशन टेपवर घेऊन ते पुन्हा पुन्हा ऐकण्याचं काम चालायचं. त्या गटात युजीन जेंडलिन होते, मूळचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. कुणाला थेरपीचा उपयोग होतो आणि कुणाला होत नाही, हे टेप ऐकून आधीच ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. माणूस कशाबद्दल बोलतो यावरून फारसं कळेना. कसा बोलतो यावरून कळू लागलं. ज्यांना पुढे उपयोग झाला ते सुरुवातीच्या सेशनमध्येच मध्येमध्ये अडखळत होते. बोलता बोलता थांबायचे, आत काहीतरी चाचपायचे, एक शब्द घ्यायचे, तो टाकायचे, दुसरा घ्यायचे. मराठीत हे ऐकायला फार ओळखीचं आहे: "म्हणजे... कसं सांगू... राग नाही म्हणता येणार... तसं नाही..." या 'तसं नाही'ची मी सेशनमध्ये वाट बघत असते. तो आला की कळतं, माणूस पाठ केलेलं सांगत नाहीये, आत डोकावून त्याच्याशी शब्द ताडून बघतोय. या निरीक्षणातूनच १९६९ मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी तयार झाली. खालच्या पायरीवर माणूस बाहेरच्या घटना सांगतो, जणू दुसऱ्या कुणाच्या. वरच्या पायऱ्यांवर तो आत्ता आत काय होतंय तिथून बोलतो आणि बोलता बोलता त्याला नवं काही कळतं. ही खोली आणि उपचाराचा परिणाम यांचा संबंध पुढे अनेक अभ्यासांत दिसला. संबंध माफक आहे, पण पुन्हा पुन्हा दिसतो.

आता आईंचा प्रश्न. तो मी हलका समजत नाही, कारण त्यांचं अर्धं म्हणणं खरं आहे. 'बोललं की मोकळं वाटतं' हे आपण सगळेच म्हणतो, पण नुसतं बाहेर काढलं म्हणून माणूस बरा होतो असं दिसलेलं नाही. अपघात किंवा आपत्तीनंतर लगेच लोकांना बसवून, एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची एक पद्धत जगभर रूढ होती. उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००२ च्या आढाव्यात तिचा पुढचा त्रास टाळायला उपयोग दिसला नाही, आणि काही लोकांना त्यातून उलट अपाय होत असावा असंही दिसलं. म्हणून ताज्या जखमेच्या माणसाला "बोल, रडून घे" असा आग्रह मी कधी करत नाही, नातेवाइकांनाही करू देत नाही.

दुसरी बाजूही आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी साध्यासुध्या विषयांवर लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेवर. ज्यांनी घटना आणि तेव्हाच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर लगेच वाईट वाटत होतं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. मला या कामातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कुणाचं लिखाण उपयोगी ठरतं हे बघताना त्यांना आढळलं की पहिल्या दिवशीच सगळं नीट मांडणाऱ्यांपेक्षा, ज्यांच्या लिखाणात 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळतंय' असे शब्द दिवसागणिक वाढत गेले त्यांना जास्त फायदा झाला. चौथ्या दिवसाचा मजकूर पहिल्या दिवसाची नक्कल असेल तर हाती फारसं काही लागत नाही. या लेखन-पद्धतीचा फायदा सरासरीने लहानच आहे. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र केले तेव्हा तो अगदी थोडा निघाला. लिहिणं म्हणजे उपचाराला पर्याय, असं मी कुणालाही सांगत नाही.

तुमच्या आईंना मी सांगेन: बोलून दादा परत येणार नाहीत, हे खरंच. पण त्यांच्याबद्दल बोलताना आपलं वाक्य चार महिने जसंच्या तसं राहत असेल, तर ते बोलणं अजून सुरू व्हायचंय. (लातूरकडे काही घरांत वडिलांना दादा म्हणतात म्हणून लिहिलं. तुम्ही आप्पा किंवा नाना म्हणत असाल तर तोच शब्द घ्या. तो शब्द तुम्ही सेशनमध्ये एकदा तरी उच्चारलात का, की चार महिने 'माय फादर'च चाललंय?)

आता शब्दांकडे येते, कारण माझा सगळ्यांत जास्त वेळ तिथे जातो.

भावनेला नाव दिलं की तिचा जोर उतरतो, हे मेंदूच्या पातळीवर दाखवणारा अभ्यास मॅथ्यू लिबरमन यांच्या गटाचा, २००७ चा. रागावलेले, घाबरलेले चेहरे बघताना लोकांनी त्या भावनेला शब्द दिला, तेव्हा अमिग्डला या, भीती आणि धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या मेंदूच्या भागातली हालचाल कमी झाली. २०१२ मध्ये त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी कोळ्याची तीव्र भीती असलेल्या लोकांना जिवंत टॅरँट्युला कोळ्यासमोर आणलं. ज्यांना आपली भीती शब्दांत सांगायला लावली होती, त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया आठवड्याभराने इतर गटांपेक्षा कमी होती. "भीती कमी झाली का?" या प्रश्नाला मात्र त्यांचं उत्तर इतरांसारखंच होतं. शरीर आधी निवळलं, माणसाला स्वतःला ते कळलं नव्हतं. हे मी रोज बघते. समोर बसलेल्याचे खांदे खाली येतात आणि तो म्हणत असतो, "नाही, तसंच आहे हो."

पण नाव म्हणजे कुठलं नाव? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं पहिलं वाक्य असतं, "कसंतरी होतंय." इंग्रजी शाळेत शिकलेल्यांचं असतं, "आय ॲम फीलिंग लो." दोन्ही वाक्यं झाकणं आहेत. खाली काय आहे ते बघायला आपल्या भाषेत जी अवजारं आहेत ती थक्क करणारी आहेत: हुरहूर, रुखरुख, तगमग, घालमेल, कुढणं, खंत, जीव टांगणीला लागणं, पोटात कालवणं, भडभडून येणं, घर खायला उठणं. हे एकमेकांचे समानार्थी शब्द नाहीत. हुरहूर पुढच्याची असते किंवा दूर असलेल्याची, रुखरुख मागच्याची. खंत सांगता येते, कुढणं लपवलेलं असतं. ज्याचं घर खायला उठतं त्याला एकटेपणा आहे, ज्याची तगमग होते त्याला काहीतरी करायचंय आणि करता येत नाहीये. प्रत्येक शब्दाबरोबर उपचाराची दिशा बदलते.

निफाडकडचे एक द्राक्षबागाईतदार आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). छातीत भरून येतं म्हणून दोनदा इसीजी झाला, नॉर्मल. मी विचारलं, दुःख होतं का? नाही म्हणाले. भीती? नाही. काळजी? "काळजी कुणाला नाही?" तीन बैठका अशाच गेल्या. चौथ्या वेळी मी म्हटलं, काही राहून गेल्यासारखं? ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "रुखरुख आहे एक." भाऊ दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होता त्या दिवशी बागेत फवारणी होती, आणि हे फवारणी उरकून निघाले होते. 'डिप्रेशन' हा शब्द धरून मी वर्षभर बसले असते तरी त्या दिवसापर्यंत पोहोचले नसते.

यात मी स्वतः चुकलेलीही आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका सरकारी दवाखान्यात एक बाई यायच्या. "डोक्यात मुंग्या येतात" म्हणायच्या. मी केसपेपरवर 'अँक्झायटी' लिहिलं आणि त्यांनाही तेच समजावून सांगितलं, चांगलं सविस्तर. मुंग्या कधी येतात, कुठून चढतात, तेव्हा घरात कोण असतं, हे काहीच विचारलं नाही. तिसऱ्या खेपेनंतर त्या आल्या नाहीत. मला आजही वाटतं, त्यांनी मला एक दार दाखवलं होतं आणि मी त्यावर पाटी लावून परतले.

झिंबाब्वेत मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी उभारलेल्या 'फ्रेंडशिप बेंच'मध्ये आज्यांच्या वयाच्या बाया बाकावर बसून लोकांशी बोलतात. तिथे बोलणं सुरू होतं ते 'कुफुंगिसिसा' या तिथल्या शोना भाषेतल्या शब्दापासून, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडचं "विचार फार येतात हो" हे अगदी तेच. गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेच्या कामातही रोगाच्या नावाऐवजी 'टेन्शन'सारखे लोकांच्या तोंडातले शब्द वापरले गेले. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या सुधारित उपचारांच्या गटात ३९ टक्के. याचं श्रेय एकट्या शब्दांना देता येणार नाही, पद्धतच चांगली होती. पण ज्या शब्दांत माणूस स्वतःला ओळखतच नाही त्या शब्दांत ती चालली असती का, मला शंका आहे.

आता थोडं व्याकरण, कारण थेरपीच्या भाषेवरचं बहुतेक संशोधन इंग्रजीत आहे आणि ते मराठीत जसंच्या तसं उचलता येत नाही.

इंग्रजीत एक गोष्ट बऱ्याच वेळा आढळली आहे: नैराश्यात माणूस 'आय' जास्त वापरतो. २०२२ मध्ये एरिक नूक आणि सहकाऱ्यांनी ऑनलाइन संदेशांतून चालणाऱ्या थेरपीतल्या ६ हजारांहून अधिक लोकांचं लिखाण तपासलं. उपचार पुढे गेले तसे 'आय' आणि वर्तमानकाळ कमी होत गेले, म्हणजे बोलण्यातलं स्वतःपासूनचं अंतर वाढत गेलं, आणि हे अंतर जास्त असताना लक्षणं कमी असत. थोडक्यात, स्वतःकडे जरा लांबून बघता येऊ लागतं.

मराठीत हे कसं मोजणार? आपण 'मी' सोडूनच देतो. 'रडले', 'निघाले', 'झोपच लागली नाही'. क्रियापदच सांगतं कोण ते. त्यातून आपल्याकडे 'आपण' आहे. "आपण एवढं करायचं आणि शेवटी आपल्याच वाट्याला हे?" इथे आपण म्हणजे मीच, पण दुखऱ्या जागेवर फडकं टाकलेलं. "बाईच्या जातीला सोसावंच लागतं", "माणूस थकतोच की". ही वाक्यं इंग्रजी मोजपट्टीवर छान, लांबून बघणारी ठरतील. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा जवळ न जाण्याची सोय असते. म्हणून सुरुवातीला मी उलटं करते. "बाईच्या जातीचं राहू द्या ताई, तुम्ही काय सोसलंत?" आधी जवळ जायचं. मग कधीतरी, त्या जवळच्यातून गेल्यावर, तीच बाई म्हणते, "तेव्हाची मी वेगळीच होते, बिचारी." हे कमावलेलं अंतर. दोन्हीत 'मी' दूर आहे, पण एक आधीचं आणि एक नंतरचं. जर्मनीतल्या उल्म इथले एर्हार्ड मेर्गेंथालर यांनी १९९६ मध्ये असंच काहीसं मांडलं: भावनेचे शब्द आणि विचाराचे शब्द एकत्र वाढतात त्या क्षणांना बदल घडतो. नुसती भावना किंवा नुसतं विश्लेषण, दोन्ही एकेकटे अपुरे.

आणखी एक. इंग्रजीत माणूस 'अँग्री' असतो. मराठीत राग येतो. दुःख होतं, रडू येतं, भीती वाटते. म्हणजे भाव पाहुण्यासारखा येतो, बसतो, जातो. याचा मला खूप उपयोग होतो. "मी डिप्रेस्ड आहे" म्हणणाऱ्या मुलाला मी विचारते, "उदासी कधी येते? सकाळी? किती वेळ थांबते? काय केल्यावर उठते?" भाषेनेच त्याला तिच्यापासून वेगळं केलेलं असतं, मी फक्त बोट दाखवते. पण हेच व्याकरण लपायलाही जागा देतं. बायकोला मारणारे पुरुष माझ्यासमोर म्हणतात, "राग आला आणि हात उचलला गेला." राग आपला आपण आला, हात आपला आपण उचलला गेला, हा गृहस्थ त्या खोलीत नव्हताच. तिथे काम एकच असतं, 'उचलला गेला'पासून 'मी उचलला'पर्यंत यायचं. त्याला महिने लागतात. काही जण येतच नाहीत.

आता तुमचा मुख्य प्रश्न: मराठी की इंग्रजी.

'टॉकिंग क्युअर' हा शब्द कुठून आला माहीत आहे? व्हिएन्नात १८८० ते १८८२ या काळात डॉक्टर जोसेफ ब्रॉयर एका तरुणीवर उपचार करत होते. बर्था पापेनहाइम, अभ्यासग्रंथात तिचं नाव 'अ‍ॅना ओ.' आहे. आजारी वडिलांची सेवा करताना ती आजारी पडली, आणि एप्रिल १८८१ मध्ये वडील गेले. त्या आजारात एक काळ असा आला की तिची मातृभाषा जर्मन तिला बोलताच येईना. ती फक्त इंग्रजी बोलायची. बोलून बरं होण्याला 'टॉकिंग क्युअर' हे नाव तिनेच दिलं, म्हणून ते इंग्रजीत आहे. वडिलांच्या दुःखात मातृभाषा मुकी झालेली मुलगी दुसऱ्या भाषेत बोलत राहिली. तुमचा प्रश्न वाचताना मला तिची आठवण आली. (त्या उपचाराने ती पूर्ण बरी झाली नव्हती, नंतर तिला रुग्णालयात राहावं लागलं. पुढे मात्र ती जर्मनीत स्त्रियांसाठी काम करणारी मोठी कार्यकर्ती झाली.)

पहिली भाषा जास्त चटका देते, याला पुरावा आहे. २००३ च्या एका अभ्यासात तुर्की-इंग्रजी बोलणाऱ्यांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि त्वचेवरच्या विद्युतबदलावरून शरीराची प्रतिक्रिया मोजली. लहानपणी खाल्लेल्या बोलण्यांना, 'लाज नाही वाटत?' छापाच्या वाक्यांना, शरीर तुर्कीत जास्त दचकलं. आणि आठवणी ज्या भाषेत घडल्या त्या भाषेत विचारलं तर जास्त सहज वर येतात, हे अमेरिकेत राहणाऱ्या रशियन भाषकांमध्ये दिसलं आहे. परिणामांबद्दल बोलायचं तर, अमेरिकेतल्या ७६ अभ्यासांच्या २००६ च्या आढाव्यात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना त्यांच्या भाषेत दिलेले उपचार इंग्रजीतल्यापेक्षा दुप्पट परिणामकारक ठरले.

म्हणून इंग्रजी वाईट, असं मी म्हणणार नाही. इंग्रजी ही सांडशी आहे. गरम पातेलं हाताने धरवत नाही तेव्हा सांडशी लागतेच. लहानपणी अत्याचार झालेल्या कित्येक मुली मला तो प्रसंग आधी इंग्रजीतच सांगतात, कारण मराठीतले ते शब्द त्यांनी फक्त शिवी म्हणून ऐकलेले असतात. मी कधीही घाई करत नाही. पण आयुष्यभर सांडशीने जेवता येत नाही. तुमच्या बाबतीत चार महिने पातेलं सांडशीत धरलेलं आहे, असं मला दिसतं.

थेरपिस्ट बदलू नका, निदान लगेच नको. त्या चांगल्या आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आणि विश्वास बसलेला माणूस सहज मिळत नाही. त्यांना हे सगळं सांगा. त्यांना मराठी कळत असेल तर प्रश्नच नाही. कळत नसेल तरीही एक प्रसंग आधी मराठीत बोलायची परवानगी मागा, मग इंग्रजीत समजावून सांगा. भाषांतर करताना जिथे अडाल, "याला इंग्रजीत शब्द नाही" म्हणाल, तिथे थांबा. तेवढ्याकरता सेशन खर्च झालं तरी चालेल. आणि 'का'चे प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा, 'मलाच का', 'मी का रडत नाही'. या 'का'ला तळ नसतो, रात्रभर माणूस त्यात फिरतो. कुठे, कधी, कसं, हे विचारा.

मध्ये झोप अगदीच गेली, खाणं सुटलं किंवा जगणं नकोसं वाटू लागलं, तर भाषेचा विचार करत बसू नका. सरळ मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

एरवी, पुढच्या सेशनच्या आदल्या दिवशी वीस मिनिटं काढा. ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे उभ्या होतात, हातात काय होतं, फोनवर कोण होतं आणि त्याने नेमके कुठले शब्द वापरले, तेवढंच लिहा, घरी बोलता तशा लातूरच्या मराठीत. शुद्धलेखन बघू नका. आणि जमलं तर आईंना विचारा, त्या दिवशी त्या काय करत होत्या.